शनिवारचं लोखंड

गणपतीत आमच्या मंडळाच्या जेवणाच्या रांगेत उभी राहिले, की कुणीतरी हमखास विचारतं, "काय गं, तुझ्या लोहाराचं काय नवीन?" मागे लांबलचक रांग, पुढे मसालेभात निवतोय, आणि यांना किस्सा हवा! बरं, एक सांगितला की दुसरा आठवतो, आणि दुसरा सांगेपर्यंत मठ्ठा संपतो. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावेत.

सोमवार ते शुक्रवार मी नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिथं सांगण्यासारखं कधी काही घडत नाही. घडलंच तर कॉम्प्युटरवर त्याच्या तक्रारीचं तिकीट निघतं आणि दुपारपर्यंत बंद होतं. शनिवारी मात्र मी सायकल काढते, फुलांच्या शेतांमधून शेजारच्या गावात जाते आणि दिवसभर लोहाराच्या भट्टीवर काम करते. संध्याकाळी परत येताना अंगाला धुराचा वास असतो आणि डोक्यात एखादा किस्सा. नवरा म्हणतो, "अंघोळ आधी, गोष्ट नंतर."

माणसं मोजकीच आहेत, ती आधी सांगते. खेरिट हा लोहार. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं फार कमी. भट्टी त्याच्या आजोबांची. गावातले घोडे संपले तसा धंदा संपला, तेव्हा गावानं एक संस्था काढून दुकान तसंच ठेवलं. फक्त शनिवारी भट्टी पेटते, लोक बघायला येतात आणि आम्ही स्वयंसेवक हात काळे करतो. योप हा आमच्यातला दुसरा. रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्याचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोहोचतो. मार्लेस ही संस्थेची अध्यक्ष. खेमेंटेशी, म्हणजे नगरपालिकेशी, बोलायचं काम तिच्याकडे. आणि ट्रूस ही खेरिटची बायको. ती भट्टीवर कधी येत नाही, पण भट्टीवरचं सगळं तिला आमच्या आधी कळतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, ती म्हणजे हातोडा. खेरिटच्या हातात जो असतो तो. आजोबांनी तो त्याच्या बापाला दिला, बापानं खेरिटला. गावाचा नियम असा, की ज्याच्या हातात हातोडा दिला तो पुढचा लोहार. खेमेंटेची अटही जवळपास तीच, आगीची जबाबदारी घेणारा एक लोहार हवा. खेरिटची मुलगी दूर उत्तरेत दातांची डॉक्टर आहे, तिला हातोडा नको. खेरिटनं कुणालाच दिला नाही तर भट्टी बंद होणार आणि त्या जागेत कॅफे येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कॅफेवाला येऊन भिंती मोजूनही गेला होता.

मला तो हातोडा हवा होता. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे, हवा होता म्हणजे हवा होता! योपलाही हवा होता. मार्लेस दर वर्षी खेरिटला विचारायची, "ठरलं का?" आणि खेरिट भात्याकडे बघत म्हणायचा, "अजून नाही."

*

मी तिथं पोहोचले ती विळीमुळे.

माझी विळी पुण्याहून सामानाबरोबर आली होती, आणि काही वर्षांत ती इतकी बोथट झाली की कोथिंबीर चिरायची तर चेंगरायची. लायडनला धार लावणाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, "मी सुऱ्यांना धार लावतो. हे काय आहे ते आधी मला सांगा." शेवटी ऑफिसमधल्या कुणीतरी या गावातल्या भट्टीचं नाव सुचवलं. मी विळी टॉवेलमध्ये गुंडाळून सायकलला लावली आणि वाटेत पोलीस भेटू नये अशी प्रार्थना करत निघाले.

खेरिटनं ती उलटसुलट करून पाहिली. "हे काय?"

"सुरी."

"मग फळीला का बांधलीय? पळून जाते?"

सांगून कळेना, तेव्हा मी तिथंच जमिनीवर बसले, फळीवर पाय ठेवला आणि योपच्या डब्यातला उकडलेला बटाटा चिरून दाखवला. बघायला आलेले लोक गोल करून उभे राहिले. दोघांनी फोटो काढले.

"म्हणजे सुरी जागच्या जागी," खेरिट हळूहळू म्हणाला, "आणि बटाटा हलतो."

"हो."

योप मागून गरजला, "म्हणजे बस उभी, आणि स्टॉप पळतोय!"

खेरिट हसला नाही. त्यानं विळीला अशी धार लावली की त्या संध्याकाळी मी कांदा चिरला तो डोळ्यांना कळलाच नाही. पुढच्या महिन्यात त्यानं ट्रूससाठी एक विळी बनवली. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती टेबलाला स्क्रूनं बसवली. ट्रूस आता उभ्यानं विळीवर बीन्स चिरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हीच पद्धत बरोबर आहे.

धार लावून होत आली तेव्हा खेरिट मला म्हणाला होता, "ही सांडस जरा मिनिटभर धर." ते मिनिट अजून चालू आहे.

*

शनिवारी संध्याकाळी भट्टी विझवली की खेरिट मोकळ्या ऐरणीवर तीन ठोके मारतो. ऐरणीवर लोखंड नसतं, काही नसतं. नुसते तीन ठोके, मग हातोडा खिळ्याला टांगायचा आणि घरी जायचं.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

म्हणाला, "सैतान साखळीनं बांधलेला आहे. आठवडाभर तो साखळी घासतो. शनिवारी लोहारानं तीन ठोके मारले की ती पुन्हा घट्ट होते."

"तुमचा यावर विश्वास आहे?"

"मुळीच नाही."

"मग?"

तो खांदे उडवून म्हणाला, "मारायला काय जातं?"

मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे याच गोष्टीला 'उगाच कशाला!' म्हणतात. रात्री नखं कापत नाही, का? विश्वास नाही, पण उगाच कशाला!

एका उन्हाळ्यात खेरिट आणि ट्रूस मुलीकडे गेले. मी पुण्यात होते. भट्टी योपकडे होती आणि योप तीन ठोके विसरला. सोमवारी बेकरीची भट्टी बंद पडली. मंगळवारी कालव्यावरचा पूल बोटीसाठी उघडला तो मिटेना, अख्खं गाव दोन्ही काठांवर सायकली धरून उभं. गुरुवारी पाद्रींची सायकल चर्चच्या दारातून चोरीला गेली.

कुणी काही बोललं नाही. गाव शिकलेलं आहे, बेकरीवाला तर इंजिनिअर होता. पण पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो ब्रेड द्यायच्या निमित्तानं भट्टीवर आला आणि जायलाच तयार होईना. पुलावरचा माणूस आला. सहज आलो म्हणाला. शेवटी पाद्रीही चालत आले. योपनं तीन ठोके मारले, तेव्हा पाद्रींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जरा जोरात मारला असतास तरी चाललं असतं."

*

सासूबाई कोथरूडहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. म्युझियम बघून झाली, चीज खाऊन झालं, तेव्हा त्यांना म्हटलं, चला माझ्या भट्टीवर. त्यांच्या मनगटावर एक चामखीळ होती आणि बांगडी तिला घासायची. खेरिटचं लक्ष गेलं.

ऐरणीजवळ एक पिंप आहे. तापलेलं लोखंड त्यात बुडवतात. त्या पाण्यात हात घातला की चामखीळ जाते, अशी गावात जुनी समजूत. पूर्वी शेजारच्या गावांतून लोक यायचे म्हणे. पण एक अट होती. लोहाराचे आभार मानायचे नाहीत. 'थँक्यू' म्हटलं की गुण गेला.

इथली माणसं दिवसातून शंभरदा थँक्यू म्हणतात. बस थांबली थँक्यू, बसमधून उतरले थँक्यू. योप सांगतो, त्याच्या आईनं हात बुडवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं. चामखीळ जन्मभर राहिली.

मी ही अट सासूबाईंना समजावून सांगितली. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "आभार मानायचे नाहीत एवढंच ना? मी पुण्याची आहे. मला जमेल."

त्यांनी हात बुडवला, पदराला पुसला, खेरिटकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि थेट बाहेर जाऊन सायकली बघू लागल्या. खेरिट त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मला म्हणाला, "इतक्या वर्षांत इतकं व्यवस्थित कुणी केलं नव्हतं."

परत गेल्यावर काही दिवसांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मनगट कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाल्या, "गेली! त्या लोहाराला सांग. आणि हे बघ, माझ्या वतीनं तिथं जाऊन थँक्यूबिंक्यू म्हणशील, तर याद राख!"

*

युट्रेख्टच्या अभिजितनं नवीन घर घेतलं. अभिजित डेटा आर्किटेक्ट आहे, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा माणूस. पण नाशिकहून आईचा हुकूम आला की दाराला घोड्याची नाल लावल्याशिवाय राहायला जायचं नाही. मंडळात लोहाराशी ओळख असलेली मी एकटीच. आला माझ्यामागे भट्टीवर.

खेरिटनं वापरलेल्या नालांचा डबा पुढे केला. अभिजितनं विचारलं, "काळ्या घोड्याची आहे का?"

खेरिट म्हणाला, "तपकिरी. पण शेपूट काळं होतं."

अभिजितनं नाशिकला फोन लावला. आई म्हणाली, शेपटावर भागणार नाही, घोडा पूर्ण काळा हवा. शिवाय नाल काढलेली चालणार नाही, आपोआप पडलेली हवी. मी हे सगळं डचमध्ये सांगितलं. मला वाटलं, खेरिट आता आम्हाला हाकलून देईल. तो उलट गंभीर झाला. म्हणाला, "बरोबर आहे. काढलेल्या नालेत काही नसतं." आणि त्यानं जवळच्या रायडिंग स्कूलचा पत्ता दिला.

तिथं काळा घोडा निघाला. आता त्याची नाल पडायची वाट बघायची. अभिजित दर वीकेंडला ट्रेननं यायचा, घोड्याच्या पायांकडे बघायचा आणि परत जायचा. रायडिंग स्कूलवाल्या बाईला वाटलं, याला घोड्यांची आवड आहे पण बोलायला लाजतोय. तिनं त्याला धरून क्लासला बसवलं! बायको तिकडे खोकी बांधून तयार, आणि हा हेल्मेट घालून गोल गोल फिरतोय.

शेवटी एकदाची नाल पडली. बाईंनी ती तातडीनं भट्टीवर आणून दिली, मी अभिजितला फोन केला, तो धावत आला. खेरिटनं नाल पुसून त्याच्यासमोर धरली. अभिजितनं हात पुढे केला आणि एकदम मागे घेतला.

"आज शनिवार आहे," तो मला मराठीत म्हणाला.

*

शनिवारी नवीन लोखंड घरी नेत नाहीत. वाचणाऱ्यांना हे सांगायला नको, पण खेरिटला सांगावं लागलं.

"का?" त्यानं विचारलं.

"शनिवार शनीचा. लोखंडही त्याचंच. त्या दिवशी घरी नेलं तर त्याच्यामागून तोही घरात येतो."

"कसा आहे तो?"

"कडक. हळू चालतो. कुणाला सोडत नाही."

"आमच्या आधीच्या पाद्रींसारखा," खेरिट म्हणाला. मग मला विचारलं, "तूसुद्धा पाळतेस?"

मी म्हटलं, "मी काही मानत नाही. पण इतकी वर्षं इथं काम करते, तर घरी एक खिळासुद्धा नेलेला नाही. विळी आधीपासून माझीच होती, ती चालते." हे त्याला पटलं असावं, कारण त्यानं मान हलवली.

अभिजित म्हणाला, "मग मी उद्या येऊन नेतो."

आता खेरिटनं हात मागे घेतला. "उद्या रविवार. रविवारी मी कुणाला काही देत नाही."

तो चर्चला जाणारा माणूस आहे. रविवारी तो काही विकत नाही, विकत घेत नाही, देत नाही, हातोड्याला शिवत नाही. ट्रूस त्या दिवशी दोरीवर कपडेसुद्धा घालत नाही. आणि भट्टी उघडते फक्त शनिवारी! म्हणजे याला शनिवारी घेता येईना आणि त्याला रविवारी देता येईना. नाल मध्येच लटकलेली. योप म्हणाला, "दोन देवांचं टाइमटेबल जुळत नाहीये."

खेरिटनं नाल उचलली, बाहेर गेला आणि भट्टीच्या खिडकीबाहेरच्या दगडी कठड्यावर ठेवली.

"मी ही इथं ठेवतोय," तो म्हणाला. "उद्या सकाळी ती इथं असेल, नसेल. मला काय माहीत? मी चर्चमध्ये असेन."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. आमच्या मंडळींच्या ऑर्डरी वाढत गेल्या. उलथनी, सांडशा, फुलके भाजायच्या जाळ्या, आकाशकंदिलाचे हूक. शनिवारी संध्याकाळी खेरिट वस्तू कठड्यावर ठेवतो. रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, मी सायकलवरून जाते आणि उचलून आणते. रिकाम्या हातानं उचलायला बरं वाटत नाही, म्हणून बेसनाचे लाडू डब्यात घालून कठड्यावर ठेवते. लाडवांविषयी खेरिट कधी एक शब्द बोललेला नाही. डबा मात्र पुढच्या शनिवारी घासून पुसून माझ्या हुकाला टांगलेला असतो.

*

दसऱ्याला मला राहवेना. खेरिटला विचारलं, "ऐरणीची पूजा केली तर चालेल? आमच्याकडे या वेळी हत्यारांची पूजा करतात."

"प्रार्थना?"

"तशीच."

"कुणाची?"

"ऐरणीची. हातोड्याची. ज्यांच्यावर पोट चालतं त्यांची."

तो 'हो' म्हणाला नाही, 'नाही' म्हणाला नाही. टोपी काढून बाजूला उभा राहिला. मी ऐरणीला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, हातोड्याच्या लाकडी दांड्यालाही कुंकवाचं बोट लावलं. योपनंही टोपी काढली. सगळं झाल्यावर खेरिटनं विचारलं, "हे दर वर्षी करावं लागतं?"

"हो."

"आणि नाही केलं तर?"

"काही होत नाही. पण उगाच कशाला!"

त्यानं मान डोलावली. तो युक्तिवाद त्याच्या ओळखीचा होता.

पुढच्या आठवड्यात चर्चमधले एक गृहस्थ भट्टी बघायला आले. दांड्यावर बोट ठेवून म्हणाले, "खेरिट, हे लाल काय आहे?"

"गंज," खेरिट म्हणाला.

"लाकडाला?"

"जुनं लाकूड आहे. राहू दे." तो दर शनिवारी हातोड्याचा दांडा जवसाच्या तेलानं पुसतो. तेव्हापासून तेवढा ठिपका सोडून पुसतो.

*

एकदा युनिव्हर्सिटीतली एक मुलगी आली. गावांमधल्या जुन्या समजुती गोळा करत होती. फोन रेकॉर्डिंगला लावून ऐरणीवर ठेवला आणि म्हणाली, "या भट्टीच्या काही दंतकथा आहेत का?"

खेरिट बोलत नाही, म्हणून योपनं सूत्रं हातात घेतली. तीन ठोके सांगितले, पिंपाचं पाणी सांगितलं. मुलगी खूश होत गेली तसा याला आणखी चेव आला.

"आणि रविवारची बाई!" योप म्हणाला.

मी भाता ओढत होते, तो थांबवला.

"रविवारी गाव चर्चमध्ये असतं," योप आवाज खाली आणून सांगू लागला, "तेव्हा एक काळ्या केसांची बाई येते. कुठून येते कुणी पाहिलेलं नाही. लोहारानं खिडकीत ठेवलेलं लोखंड ती घेऊन जाते. तिला अडवायचं नाही. तिच्याशी बोलायचं नाही. माझी आजी सांगायची."

आजी! हा प्रकार सुरू होऊन जेमतेम काही वर्षं झालेली. योपची आजी तर याच्या लहानपणीच गेली!

मुलीचे डोळे चमकले. "आणि बदल्यात ती काही ठेवते का? अशा कथांमध्ये बहुतेक ठेवतात."

"ठेवते ना. पिवळे गोळे."

"सोन्याचे?"

"छे. खायचे असतात. गोड," योप म्हणाला. "पण मोजून खायचे. मी एकदा चार खाल्ले, तर दुपारभर हलता आलं नाही."

मुलीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या देशात अशा काही गोष्टी आहेत का?"

मी म्हटलं, "नाही बाई. असलं काही ऐकलेलं नाही." खेरिट पिंपाकडे तोंड करून उभा होता. हसण्यानं त्याचे खांदे हलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. गावातल्या शाळेत आता ही गोष्ट सांगतात, असं ट्रूस म्हणते.

*

गेल्या वसंतात खेरिटचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हातोडा उचलायचा नाही. मार्लेसनं शेवटचा शनिवार ठरवला. खेमेंटेची माणसं येणार होती. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की नवीन लोहाराचं नाव आत्ता कळलं नाही तर भट्टीचा परवाना संपेल. कॅफेवाला पुन्हा येऊन गेला होता. या वेळी तो खुर्च्या कुठं मावतील ते बघत होता.

त्या शनिवारी सगळं गाव आलं. केक, कॉफी, मुलांच्या हातात फुगे. मी मुद्दाम जुना एप्रन घातला, नवा घातला तर वाट बघत असल्यासारखं दिसलं असतं. योपनं दाढी केली होती. खेरिटनं दिवसभर डाव्या हातानं काम केलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी मार्लेसनं भाषण केलं आणि शेवटी म्हणाली, "खेरिट, आता तो हातोडा कुणाच्या हातात द्यायचा, ते तूच सांग."

खरं सांगते, खेरिटनं तेव्हा हातोडा पुढे केला असता तर मी शनिवार बघितला नसता, शनी बघितला नसता, दोन्ही हातांनी घेतला असता.

खेरिटनं कॉफी संपवली. बशी नीट ठेवली. आग विझवली. हातोडा उचलला, डाव्या हातानं ऐरणीवर तीन ठोके मारले, आणि तो नेहमीच्या खिळ्याला टांगून ठेवला. योपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, टोपी घातली आणि केकच्या टेबलाशी जाऊन बसला.

बस्स. एवढंच.

खेमेंटेची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मार्लेस मला बाजूला घेऊन म्हणाली, "सोमवारी मला त्यांना कळवावं लागेल. संपलं." योप काही बोलला नाही. योप बोलत नाही हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी सायकल काढली आणि फुलांच्या शेतांमधून रडत घरी आले. कुणाला द्यायचा नव्हता तर निदान 'नाही' म्हणायचं. इतकी वर्षं सांडस धरली, भाता ओढला, एवढा तरी माझा हक्क होता. मंदार, माझा नवरा, समजूत काढायला आला. "अगं हातोडाच ना! दुसरा घेऊ." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

रविवारी सकाळी जायची मुळीच इच्छा नव्हती. पण अभिजितच्या बायकोचं उलथनं कठड्यावर असणार होतं, आणि तिच्याकडे पाहुणे यायचे होते. लाडू केले नव्हते. तशीच निघाले.

गाव रिकामं होतं. चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता. मी भट्टीला वळसा घालून खिडकीशी गेले.

कठड्यावर उलथनं होतं. त्याच्या शेजारी हातोडा होता. कुंकवाचा ठिपका वर येईल असा ठेवलेला, आणि दांड्याला भट्टीची किल्ली दोरीनं बांधलेली.

चर्च सुटल्याची घंटा झाली तेव्हा भानावर आले. उलथनं तिथंच विसरले, हातोडा छातीशी धरला आणि सरळ खेरिटच्या घरी गेले. ट्रूसनं दार उघडलं. माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि आणखी एक कप काढायला आत गेली.

खेरिट चर्चच्या कोटातच टेबलाशी बसला होता. मी हातोडा त्याच्यासमोर धरला. मला डच सुचेना, इंग्लिश सुचेना, मराठीही सुचेना.

"खेरिट," मी कसंबसं म्हटलं, "हा कठड्यावर होता."

त्यानं हातोड्याकडे पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. मग साखर ढवळत म्हणाला, "मला काय माहीत? मी चर्चमध्ये होतो."